पाचव्या महिन्याचं स्कॅनिंग पाचव्याच महिन्यात होऊ दे

सीमाभागात मोर्चा कशावरनंही निघतो. दुकानाची पाटी, बसचा बोर्ड, शाळेचं माध्यम, १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी. निघू दे, आमच्या घरची माणसंही त्यात असतात, तक्रार नाही. पण पोटातल्या बाळाचा कणा नीट आहे का हे बघायचं स्कॅनिंग तालुक्याला फुकट आणि वेळेत व्हावं म्हणून कुणी साधं निवेदन दिलंय असं काही माझ्या ऐकण्यात नाही. या भागातल्या तरण्या पोरींच्या दृष्टीनं बघितलं तर ह्याच्याइतकी तातडीची मागणी दुसरी नसेल.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मेडिकल चालवते. डॉक्टर नाही, डी.फार्म. आहे. मशीनमधलं सगळं मला कळतं असा दावा नाही, पण कोण कधी कुठली चिठ्ठी घेऊन येतंय हे काउंटरवर बसून बरोबर कळतं. पहिलं स्कॅनिंग लोक हौसेनं काढतात, ठोके आलेत का बघायला. शेवटचं डॉक्टर सांगतात म्हणून काढतात, पाणी किती, वजन किती, डोकं खाली आहे का. आणि मधलं, जे सगळ्यात कामाचं, तेच राहतं. मधलं म्हणजे अठरा ते वीस आठवड्यांतलं, बाळातले दोष शोधायचं, ॲनोमली स्कॅन, चिठ्ठीवर कधी कधी टिफा लिहिलेलं असतंय, आपल्याकडं बायका पाचव्या महिन्याचं स्कॅनिंग म्हणतात. राहतं म्हणजे अगदी होतच नाही असंही नाही. होतं, पण सातव्यात होतं. आणि सातव्यात झालं तर त्याचा अर्धा उपयोग गेलेला असतो, हेच मला सांगायचंय.

कण्याचं काय असतंय बघा. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मज्जारज्जूची नळी मिटते, पाळीच्या हिशोबानं सहावा आठवडा. म्हणजे पाळी चुकली की काय अशी शंका येऊन बाई नवऱ्याला सांगते न सांगते तोवर ते काम एकतर झालेलं असतंय नाहीतर बिघडलेलं असतंय. वरच्या बाजूनं नळी उघडी राहिली तर कवटी आणि मेंदूच नीट तयार होत नाही, ते बाळ जगत नाही. खालच्या बाजूनं राहिली तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीवर कमरेजवळ मज्जातंतू उघडे पडलेले किंवा पाण्याची पिशवी बाहेर आलेली. मग पायात ताकद नाही, लघवी-संडासवर ताबा नाही, बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साठतं. भारतातल्या अभ्यासांची सरासरी काढली तर हजार बाळंतपणांमागे साधारण ४ बाळांना नळीचा काही ना काही दोष निघतो, आणि १९८०च्या दशकात दावणगेरेच्या डॉक्टरांनी मोजलं होतं तेव्हा त्यांच्याकडं हजारी ११च्या आसपास आकडा आला होता. दावणगेरे काय लांब नाही आपल्याला. नात्यातली लग्नं, मामाची मुलगी आत्याचा मुलगा, ही तिकडं होतात तशी इकडंही होतात.

याशिवाय दुसरेही प्रकार आहेत. एखादा मणका अर्धाच तयार होतो आणि कणा वाकडा होत जातो, आईची शुगर गर्भ राहताना फार वाढलेली असेल तर क्वचित माकडहाडाकडचा भागच तयार होत नाही. आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर वाचून कुणीतरी घाबरून बसायचं. कितीतरी धडधाकट माणसांच्या एक्सरेत मणक्याची मागची कमान थोडी उघडी दिसते आणि त्यांना जन्मभर काही होत नाही. कातडीखाली झाकलेले बारीक दोष सोनोग्राफीत सुटूही शकतात. पण उघडा स्पायना बिफिडा, जो आयुष्य बदलून टाकतो, तो अनुभवी हातात आणि योग्य वेळी बहुतेक वेळा सापडतो.

योग्य वेळ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. स्क्रीनवर कणा उभा बघितला तर रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेषा दिसतात, शेपटाकडं जवळ येत जाणाऱ्या. आडवा बघितला की प्रत्येक मणक्याचे तीन पांढरे ठिपके दिसतात आणि त्यांच्यावर कातडीची सलग रेघ. ठिपके फाकलेले दिसले, रेघ तुटली, तर गडबड. पण गंमत अशी की पाठीतला दोष बरेचदा आधी डोक्यात सापडतो. १९८६ साली लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की उघडा स्पायना बिफिडा असेल तर कवटी कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आत चेपलेली दिसते, त्याला ते लेमन साइन म्हणाले, आणि पाठीकडनं ओढ बसून लहान मेंदू खाली सरकतो नि वाकतो, ती बनाना साइन. लिंबू आणि केळं, नावं ऐकून हसू येतं, पण त्यावरनं आज जगभर निदान होतं. आता यातलं लिंबू चोवीस आठवड्यांनंतर बहुतेक बाळांत दिसेनासं होतं. शिवाय सातव्यात बाळ मोठं, गुंडाळलेलं, हाडं पक्की झालेली, त्यांच्या सावल्या पडतात, पाठ आईच्या कण्याकडं असेल तर काही विचारूच नका. म्हणजे उशिरा गेलं की मशीनलाच कमी दिसतंय. आणि फार लवकर, तिसऱ्या महिन्यात गेलं, तर कवटी नसणं वगैरे कळू शकतं पण कण्याची हाडं अजून भरलेली नसतात. म्हणून हे अठरा ते वीस.

आता कायदा. गर्भपाताचा कायदा १९७१चा, त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, २४ सप्टेंबर २०२१पासून लागू. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस दोन डॉक्टर लागतात आणि ठराविक कारणंच चालतात, बाळात गंभीर दोष असण्याचा धोका हे त्यातलं एक. चोवीसच्या पुढं फक्त गंभीर दोषासाठी, तेही मेडिकल बोर्डानं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळानं, मान्य केलं तर. बोर्डानं तीन दिवसांत मत द्यायचं आणि पाच दिवसांत काम व्हायचं असं नियमात आहे. ऐकायला बरं वाटतं. पण कणकुंबीकडच्या किंवा भीमगडच्या जंगलातल्या गावातली बाई, जिथं पावसाळ्यात रस्ताच बंद पडतो, ती बोर्ड म्हणजे काय हे कुणाला विचारणार, कागद कुठनं गोळा करणार आणि किती फेऱ्या मारणार? विसाव्या आठवड्यात जो निर्णय दोन खुर्च्यांवर बसून होतो तो सव्विसाव्यात सरकारी फाइल होतो.

उशीर का होतो तर लोक अडाणी म्हणून, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. मला काउंटरवर वेगळं दिसतं. एक सासू औषधं घेता घेता सांगत होती, "पाचवं लागलं की काढू म्हणलं, तर लावण आली, मग घरात आजारपण निघालं, आता काय ओटी भरून माहेरी जाणारच आहे, तिकडंच काढतील की ओ अक्का." तिकडं म्हणजे चंदगड. आपल्याकडं निम्म्या सोयरिकी सीमेपलीकडच्या, खानापूर-चंदगड, निपाणी-कागल, गडहिंग्लज-संकेश्वर. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पोरगीचे पहिले सहा-सात महिने कर्नाटकाच्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीच्या कार्डावर, आणि पुढचे महाराष्ट्राच्या कार्डावर. इकडची आशा समजते तिकडं होईल, तिकडची समजते इकडं झालं असेल. ॲनोमली स्कॅन बरोबर त्या सांध्यात पडतो आणि त्याची जबाबदारी कुणाच्याच वहीत नसते. दोन्ही राज्यं या सीमेवरनं १९५६पासून भांडतायत, महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा टाकला तो अजून चालूच आहे, पण एका बाईची एका पानाची नोंद बेळगावहून चंदगडला पोचायची सोय कुणाला सुचली नाही.

त्यात महिने मोजायची भानगड. पाचवा लागला तर सतरा-अठरा आठवडे, पाचवा भरला तर बावीस होतात, घरात दोन्हीला पाचवाच म्हणतात. आठवडे मोजा, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

मग पैसा. खाजगीत दोन हजाराच्या आसपास जातात, शिवाय बेळगावची बस, बरोबर एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी. आणि तिथं गेल्यावर बाळ पाठ दाखवत नसेल तर डॉक्टर म्हणतात फिरून या, काहीतरी गोड खाऊन या, तासाभरानं बघू. बरोबरच आहे ते, घाईनं नीट दिसत नाही. पण चारची बस चुकली तर मुक्काम कुठं करायचा? मग काही जणी परत आतच जात नाहीत, रिपोर्टवर कणा नीट दिसला नाही अशी ओळ तशीच राहते, ती इंग्रजीत असते, घरात कुणी वाचत नाही, आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. मी अशी ओळ माझ्या डोळ्यांनी वाचलीय, सासूबाई नॉर्मल नॉर्मल म्हणत पेढे वाटायच्या गोष्टी करत होत्या.

कुणी म्हणेल सरकार फुकट करतंयच की. करतंय, कागदावर. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६पासून आहे, त्यात सोनोग्राफीही धरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६मध्येच सांगितलंय की चोवीस आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हायलाच हवी. पण एक सोनोग्राफी झाली म्हणजे ॲनोमली स्कॅन झाला असं नव्हे. ठोके आणि वजन बघायला पाच-दहा मिनिटं पुरतात, कणा, हृदय, मेंदू, किडनी एकेक करून बघायला चांगला अर्धा तास लागतो आणि शिकलेला हात लागतो. रांगेत बायका उभ्या असताना कुठला डॉक्टर अर्धा तास देणार. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकारला ते झोंबलं, मोठा गदारोळ झाला. पण ती योजना मुळात ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी, पाचव्या महिन्याच्या साध्या स्कॅनिंगला तिचा काय उपयोग? भांडण मात्र जोरात झालं.

आता एक आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतो, तो असा की स्कॅनिंगच्या मागं काय लागलाय, आधी दोष होऊच नये हे बघा. फोलिक ॲसिड. १९९१ साली ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं की ज्यांना आधी असं बाळ झालंय त्या बायकांनी गर्भ राहायच्या आधीपासून जास्त डोसची गोळी घेतली तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी होतं. बाकीच्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम. गोळी किती स्वस्त आहे ते मी विकते म्हणून मला माहीत. पण कधी विकते? पाळी चुकून, टेस्ट होऊन, डॉक्टरकडं जाऊन चिठ्ठी आली की. तेव्हा सहावा आठवडा उलटून गेलेला असतो. लग्नाच्या बस्त्याला लाखभर घालतात पण पोरीच्या पिशवीत फोलिकची एक स्ट्रिप टाकणारी आई मला क्वचितच भेटली.

सरकार म्हणतं रेशनच्या तांदळात घातलंय. घातलंय, खरं आहे, आणि त्याला लोक प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून टाकतात ते वेगळंच. न टाकता खाल्ला तरी हिशोब करा. नियमाप्रमाणं किलोला जास्तीत जास्त १२५ मायक्रोग्रॅम फोलिक. माणशी महिन्याला ५ किलो धरले तर ६२५, म्हणजे दिवसाला वीस-एकवीस. पाहिजे ४००. दुप्पट तांदूळ दिला तरी चाळीस-बेचाळीसच्या वर जात नाही. ॲनिमियामुक्त भारतमधली आठवड्याची लाल गोळी घ्या, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम आहे, आणि आठवड्यातनं एकदाच द्यायची असेल तर २८०० असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेनं १९९८पासून धान्याच्या पिठातच घालणं सक्तीचं केलं. आपण गिरणीत दळून आणतो, ज्वारीची भाकरी खातो, आपल्याला पिठाचा मार्ग चालणार नाही, आयोडीनसारखं मिठातनं द्या म्हणणारे तज्ज्ञ आहेत आणि मला ते पटतं. २०२३च्या जागतिक आरोग्य परिषदेनं या विषयावर ठरावही केलाय.

आणि फिट येणाऱ्या पोरींचं वेगळं सांगायला पाहिजे. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध चालू असताना गर्भ राहिला तर शंभरात एक-दोन बाळांना स्पायना बिफिडा होऊ शकतो, नेहमीच्या मानानं हे खूप जास्त आहे. गोळी मनानं बंद करायची नाही, फिट येऊन जीव जाईल, पण लग्न ठरलं की लगेच डॉक्टरला सांगून औषध बदलता येतं का विचारायचं. लग्न ठरताना फिट लपवतात आणि मग औषधाबद्दल विचारायलाच जात नाहीत, हे आमच्याकडचं खरं दुखणं.

तर फोलिक आधी, मान्य. पण फोलिकनं सगळे दोष जात नाहीत आणि आज ज्या पोटुशी आहेत त्यांचा सहावा आठवडा केव्हाच गेलाय. त्यांना स्कॅनिंगच आहे.

दुसरा आक्षेप, जास्त मशीनं आली की जास्त मुली मारल्या जातील. हा हसण्यावारी न्यायचा नाही, निदान आपल्या भागात तरी नाही. २०१७ साली म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, म्हैसाळ म्हणजे कागवाडच्या पलीकडंच, तपासाचे धागे सीमेच्या अलीकडं आले. २०२२ साली मुडलगीत बसस्टँडजवळ बाटल्यांत भरलेले सात भ्रूण सापडले. तेव्हा १९९४चा लिंगनिदानाचा कायदा कडक राहू दे, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरायलाच पाहिजे. डॉक्टरांच्या संघटना साध्या चुकीवरनं मशीन सील होतं म्हणून कोर्टात गेल्या होत्या, २०१९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदी न ठेवणं ही कारकुनी चूक नव्हे, आणि मला तो निकाल बरोबर वाटतो. पण त्याच कायद्यात जन्मजात व्यंग शोधायला तपासणी करता येते असं स्पष्ट लिहिलंय. चोरून मुलगी शोधणाऱ्याला वेळेवर मशीन मिळतं, त्याचा एजंट गाडी घेऊन दारात येतो. वेळेवर मिळत नाही ते कणा बघायला आलेल्या बाईला. सरकारी दवाखान्यात, नोंदवलेल्या मशीनवर, रजिस्टरमध्ये सही करून होणारं स्कॅनिंग वाढलं तर चोरट्या धंद्याला त्याचा फायदा कसा होणार ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

तिसरा आक्षेप जड आहे. दोष दिसला की पाडायचंच, म्हणजे अपंग माणसानं जन्मालाच येऊ नये असं तुम्ही म्हणताय का? नाही म्हणत. स्पायना बिफिडा असलेली माणसं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, कुठल्या मणक्याशी दोष आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. आणि वेळेत कळल्याचा फायदा ठेवायचं ठरवलेल्या बाळालाच जास्त होतो. बाळंतपण गावात न होता बेळगाव-हुबळीसारख्या ठिकाणी, जिथं पाठ शिवायला सर्जन आहे तिथं ठरवता येतं, ते ऑपरेशन पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं पाहिजे, उघड्या जखमेत जंतू गेले की बाळ हातचं जातं. अमेरिकेत २०११ साली पोटातच ऑपरेशन करून बघितलं, सव्वीस आठवड्यांच्या आत, डोक्यातलं पाणी काढायला नळी घालायची गरज ८२ टक्क्यांवरनं ४० टक्क्यांवर आली. ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, कबूल, पण तिथंही सव्वीस आठवड्यांचीच रेघ आहे बघा. ठेवायचं की नाही हे त्या बाईनं ठरवावं, मी नाही, सासूनं तर नाहीच नाही. ठरवायला तिला दिवस पाहिजेत आणि तिच्या भाषेत समजावणारं माणूस पाहिजे. रिपोर्ट इंग्रजी, कार्ड कन्नड, बाई मराठी, आणि घरी गेल्यावर शेजारीण सांगणार ग्रहणात भाजी चिरली असशील. सहाव्या आठवड्यात मिटायची नळी मिटली नाही त्याचं खापर तिच्या विळीवर! समुपदेशन म्हणजे काय मोठं नाही, एक शिकलेली नर्स, मराठीतनं आणि कन्नडमधनं अर्धा तास, नवऱ्याला समोर बसवून.

राहता राहिला प्रश्न माणसांचा. रेडिऑलॉजिस्ट तालुक्याला यायला तयार नसतात, हे खरंच आहे. मग आठवड्यातले दोन दिवस जिल्ह्याचा रेडिऑलॉजिस्ट तालुक्याला पाठवा, त्या दोन दिवशी फक्त अठरा ते वीस आठवड्यांच्याच बायका बोलवा. ठराविक अपवाद सोडता मशीन गावोगाव न्यायला कायदा परवानगी देत नाही, तर बाईला मशीनपर्यंत आणायची गाडी द्या. यादी आशाकडं असतेच, तारखेवरनं अठरावा आठवडा काढून फोन करायचा एवढंच. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सबाया असलं काम करू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना लॅन्सेट या डॉक्टरी मासिकाचा २००६चा अंक दाखवायला पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर चाचणी झाली, नर्सबायांनी बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि जास्तीचा रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४वर आला. जगानं तो धडा उचलला. त्याच जिल्ह्यात फोन करून तारीख देणं जमणार नाही?

चंदगड-गडहिंग्लजच्या आशांचे नंबर इकडच्या आशांकडं असले तरी अर्धं काम होतं, त्याला दोन मुख्यमंत्र्यांची बैठक लागत नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर पुरे. आणि ज्यांना काही करायचंय त्यांनी माहिती अधिकारात चारच गोष्टी विचारा. तालुक्याला रेडिऑलॉजिस्टची पोस्ट मंजूर आहे का, भरलेली आहे का, मशीन नोंदवलेलं आणि चालू आहे का, आणि गेल्या वर्षी नोंद झालेल्या गरोदर बायकांपैकी किती जणींचं ॲनोमली स्कॅनिंग वीस आठवड्यांच्या आत झालं. चौथ्याचं उत्तर बहुतेक 'माहिती संकलित नाही' असं येईल, तर तेच पत्र जोडून अपील करा.